वैशाखात मागितलेली चादर

स्लॅबचं घर कसं असतं ते बांधणाऱ्याला कळत नाही. जो दिवसभर त्याच्याखाली पडून असतो त्याला कळतं. माझ्या बायकोला लकवा मारला तेव्हापासून ती दिघाशीच्या आमच्या घरात खाटेवर आहे. उजवी बाजू गेली. बोलणंही गेल्यातच जमा, एखाददुसरा शब्द निघतो, तोही विहिरीतून ओढून काढल्यासारखा. डोकं मात्र शाबूत आहे. मी काय बोललो, काय लपवलं, सगळं तिला कळतं.

घर मुलानं बांधलं, हौसेनं. तो भिवंडीजवळ पूर्ण्याला एका गोदामावर सुपरवायझर आहे. जुनं कौलारू पाडून त्यानं स्लॅब टाकला, भिंतींना कमरेपर्यंत लाद्या लावल्या. गाव बघायला आलं होतं. मीही मिशीला पीळ दिला, खोटं कशाला बोलू. पण फाल्गुन सरला की त्या खोलीत दुपारी भिंतीला पाठ लावता येत नाही. चालतं-फिरतं माणूस उठून आंब्याखाली जाऊन बसतं. हिनं कुठं जायचं? आंब्याखाली खाट टाकली तर रस्त्यानं येणारा-जाणारा वाकून बघतो, ते तिला नको. घामानं तिची पाठ सोलवटायची. मी ओला पंचा फिरवायचो, तो फिरवता फिरवता वाळायचा.

मुलानं एसी आणला. आमच्याकडची वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि वीज गेली की खिडक्या लावलेली ती खोली म्हणजे नुसती भट्टी. शिवाय गार वारा थेट अंगावर आला की तिची गेलेली बाजू लाकडासारखी ताठ व्हायची. डाव्या हातानं ती मशीन बंद करायची खूण करायची. डॉक्टर म्हणाला, हिला उष्म्यापासून जपा, नाहीतर दुसरा झटका येईल. कसं जपायचं ते त्यानं सांगितलं नाही. त्यालाही माहीत नसेल.

मी चौथी नापास माणूस. पण गवताची गाठ कशी दाबायची हे मला कोणी शिकवायचं नाही. भिवंडीच्या आजूबाजूला तेव्हा गवताच्या वखारी होत्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना इथूनच गवत आणि भाताचा पेंढा जायचा. लाकडाची मोठी पेटी, वर लोखंडी स्क्रू. पेटीत पेंढा टाकायचा, उभं राहून पायांनी तुडवायचा, मग दोघांनी दांडा फिरवून दाबायचा आणि तारेनं आवळायचा. निघाली ती गाठ. विटेसारखी चौकोनी, कोपऱ्याला धार. माझी गाठ ट्रकमधून पडली तरी सुटायची नाही. मालक दुसऱ्यांच्या गाठींना लाथ मारून बघायचा, माझ्या गाठीला नाही.

त्या वखारीवर पत्रे होते. तरी भर उन्हाळ्यात जेवण झालं की आम्ही सगळे गाठींच्या दोन थप्प्यांमध्ये जी बोळ असायची तिथं जाऊन पडायचो. वर पत्रा कडकड वाजत असायचा आणि खाली त्या बोळीत गारवा. तेव्हा कोणी विचार केला नाही की हे असं का. झोप यायची, झोपायचो.

वखार बंद पडली, मी पूर्ण्याला गोदामावर वॉचमन लागलो. तिथं छताच्या पत्र्याखाली जाड गादीसारखं काहीतरी ठोकलं होतं, वरून चंदेरी कागद. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, आत चॉकलेटचा माल असतो, वितळू नये म्हणून. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तेव्हा ती धडधाकट होती. ती म्हणाली, आपण चॉकलेट असतो तर बरं झालं असतं. हसलो होतो आम्ही.

तर तिचा हा असा एक उन्हाळा निघाल्यावर धाकट्या भावाची सून तिला बघायला आली. ही सून शिकलेली. घरांचे नकाशे काढते, कल्याणला नोकरी करते. मला मोठे बाबा म्हणते. पेशंटजवळ घटकाभर बसली आणि पदरानं मान पुसत बाहेर आली. मग सांगू लागली की बाहेरच्या देशांत पेंढ्याच्या गाठी रचून भिंती करतात, हातभर जाड, वरून मातीचा गिलावा. ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत दिवस मावळतो. दिशा बघून बांधलं तर मशीन लागत नाही.

मी म्हटलं, सूनबाई, तू हे पुस्तकात वाचलंस. मी त्यात झोपलोय.

ठरलं तिथंच. परसात, आंब्याच्या पलीकडं, एकच खोली. तिनं अंगणात बांबू रोवला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याची सावली कुठं कुठं जाते तिथं खडे ठेवले. मला म्हणाली, घर लांबट करायचं, लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला. पश्चिमेला एकही भोक नाही. दक्षिणेला खिडकी, तिच्यावर छप्पर इतकंच पुढं काढायचं की थंडीत ऊन खाटेपर्यंत यावं आणि उन्हाळ्यात उंबऱ्यालाही शिवू नये. वर आढ्याजवळ झरोके, म्हणजे तापलेली हवा तिथून निघून जाईल.

मला पश्चिमेला खिडकी हवी होती. संध्याकाळचा वारा तिकडून येतो, हे मला जन्मापासून माहीत. आमचं त्यावर चांगलंच वाजलं. शेवटी तिनं मला दुपार कलल्यावर स्लॅबच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला लावला. मी लावला आणि काढला. म्हटलं, तुझा हट्टच आहे तर ऱ्हाऊ दे. ती तोंड फिरवून हसली. वाऱ्यासाठी तिनं दक्षिणेलाच, कोपऱ्याकडं, जमिनीलगत एक बुटकी खिडकी ठेवली.

दक्षिणेला खिडकी म्हटल्यावर भावकी जमली. एक म्हातारी चुलती अजून आहे, ती काठी आपटत आली आणि म्हणाली, आधीच बाई अर्धी गेलेली, त्यात यमाच्या दिशेला खिडकी उघडतोस?

मी म्हटलं, "काकी, दार पूर्वेला हाय. यम खिडकीतनं डोकवंल, बघंल आणि जाईल."

खाटेवर बायको हसली. लकव्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला गेलं, पण हसली.

वखारीतली एक पेटी मालकाच्या नातवाच्या गोदामामागं गंजत पडली होती. तो म्हणाला, घेऊन जा. दिवाळीनंतर भात झोडलं, पेंढा घरचाच, विळ्यानं कापलेला, लांब. मी सत्तरी ओलांडलेला माणूस पेटीत उतरलो आणि तुडवू लागलो. दांड्याला मुलगा आणि सूनबाई. बायकोला खुर्चीवर बसवून आणलं होतं. एक गाठ जरा ढिली निघाली तर तिनं डाव्या हाताचं बोट उचललं. मी ती सोडून परत दाबली.

काळ्या दगडाचं उंच जोतं, त्यावर गाठी, विटेसारखी सांध्यावर सांधा येऊ न देता. मधून बांबूच्या खुंट्या ठोकल्या. वर कौलं. टेमघरचा एक गवंडी बोलावला होता गिलाव्याला. तो बघून म्हणाला, मी बिल्डिंगा बांधतो बाबा, गोठे न्हाय. आणि गेला. मग लाल माती, शेण आणि बारीक केलेला पेंढा भिजवून आंबवला आणि सूनबाईनं आणि मी हातांनी थापला. भिंतीच्या कोपऱ्यांवर माझी बोटं उमटली होती. वरून चुना.

होळीआधी बायकोची खाट आत नेली.

त्या उन्हाळ्याबद्दल फार लिहिता येत नाही. चांगल्या दिवसांचं काय सांगायचं असतं? ती झोपायची, एवढंच. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं आणि आत ती झोपायची. पाठ कोरडी. वीज जायची ते आम्हाला शेजारच्यांच्या आरडाओरड्यावरून कळायचं. वैशाखातल्या एका दुपारी मी दाराशी बसून तंबाखू मळत होतो. आतून आवाज आला.

"चादर."

मला वाटलं, काढून घे म्हणते. बघतो तर अंगावर पांघरूण नव्हतंच. तिला चादर हवी होती. वैशाखात. मी ती आणली, पसरली, पायांखाली खोचली. मग बाहेर येऊन आंब्याखाली उभा राहिलो, कारण मला कोणासमोर रडायची सवय नाही.

पण गाव काय बोलत होतं ते मला माहीत होतं. मुलगा स्लॅबमध्ये झोपतो आणि आईला गवतात ठेवलंय. म्हातारीला गोठ्यात बांधलीय. मी लोकांना उत्तर देत नाही, कधी दिलं नाही. मुलाला मात्र गोदामावर, रिक्षात, पानाच्या टपरीवर ऐकावं लागत होतं. त्यानं मला कधी सांगितलं नाही. त्यातच त्याच्या मुलीचं, माझ्या नातीचं, लग्न जमलं. साखरपुड्याला सोयरे यायचे होते.

त्याच दिवसांत बायकोला लघवीचा त्रास झाला, ताप चढला. तिला भिवंडीत दवाखान्यात ठेवलं. मी तिच्या उशाशी. मुलगा डबा घेऊन यायचा, जास्त बोलायचा नाही, पण तोंडावर काहीतरी लपवल्यासारखं हसू असायचं. मला वाटलं, मुलीच्या लग्नाचा आनंद आहे.

घरी आणलं त्या दिवशी रिक्षा परसापर्यंत गेली. मुलगा पुढं धावला आणि उभा राहिला. खोली ओळखू येईना. चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा, आरशासारखा घोटलेला, वर आकाशी ऑइलपेंट. खिडक्यांना पांढरी पट्टी. तोच टेमघरचा गवंडी.

"बाबा, बघ," मुलगा म्हणाला. "आता कोन गोठा बोलतंय ते बघू."

त्याच्या हातांना अजून रंग लागला होता. गवंड्याबरोबर तोही राबला होता, ड्युटीवरून आल्यावर रोज. मी सरळ गेलो आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली. वखारीत जन्म घालवलेला माणूस आहे मी. पेंढ्याला श्वास लागतो. मातीतून ओल आत जाते आणि मातीतूनच बाहेर येते. सिमेंटमध्ये कोंडली की बाहेर यायला वाट नाही.

मुलगा बाजूला झाला नाही. तो म्हणाला, मार, पण सोयरे आले की काय सांगू ते पन सांग.

तेवढ्यात बायकोनं खूण केली. मला भिंतीजवळ न्या. आम्ही दोघांनी तिला खुर्चीवरून नेलं. तिनं डावा हात त्या आकाशी भिंतीवर ठेवला आणि वरून खाली फिरवला. पुन्हा फिरवला.

"पक्कं," ती म्हणाली.

तिचं माहेर कुडाचं. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती, तसल्या घरातून ती माझ्याकडं आली. माझी आई मरेपर्यंत तिला त्यावरून टोचत राहिली. भांडं निसटलं तरी कुडाच्या घरची. मूल रडलं तरी कुडाच्या घरची. ती उलटून कधी बोलली नाही, आणि मला वाटत आलं होतं की ती विसरली. मी तिच्यासाठी थंड खोली बांधली होती. ती तिच्यात झोपत होती, चादर मागत होती, आणि त्या शेणमातीच्या भिंतीकडं बघून मनात काय म्हणत होती हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी पहार पुन्हा उचलली तर तिनं मान हलवली. नको.

आयुष्यात मी कोणाचं ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं.

सूनबाईला फोन केला. सिमेंट कुठवर लावलंय ते तिनं विचारलं. मग म्हणाली, मोठे बाबा, पावसाआधी ते काढा, निदान दक्षिणेच्या भिंतीचं तरी, पावसाचा मारा तिकडूनच असतो. मी म्हटलं, साखरपुडा होऊ दे. साखरपुडा झाला. सोयऱ्यांनी खोलीत जाऊन बायकोची विचारपूस केली, एकजण भिंतीवर थाप मारून म्हणाला, झकास केलंय. बायको सरळ बसली होती, केसांत फूल होतं. मग भिंत फोडायची ती कोणत्या तोंडानं? आणि मग पाऊस आला.

श्रावणापर्यंत काही दिसलं नाही. दिसणार कसं, वर रंग होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून केसासारख्या चिरा गेल्या होत्या. आडव्या पावसाचं पाणी त्यातून आत जात होतं आणि आतच राहत होतं. एका सकाळी मी खोलीत शिरलो आणि मला वास आला. आंबूस, तंबाखूसारखा. वखारीत हा वास आला की आम्ही हातातलं काम टाकून धावायचो. थप्पीत कुठं तरी ओली गाठ आहे, ती आतून तापतेय, कधीही पेट घेईल. मी भिंतीला तळहात लावला. बाहेर पाऊस कोसळत होता, हवा गार, आणि भिंत कोमट. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

बायको खोकू लागली होती. आम्ही म्हणत होतो, पावसाळा आहे, होतं. डॉक्टरनं नळीनं छाती तपासली, मग खोलीभर मान फिरवून वास घेतला आणि सांगितलं, यांना आजच इथून हलवा. मुलानं आणि मी तिला खुर्चीवर बसवून स्लॅबच्या घरात आणलं. डोक्यावर प्लास्टिक धरलं होतं. ती सारखी मागं बघत होती.

दसरा झाल्यावर भिंत उघडली. पहार मी मुलाच्या हातात दिली. सिमेंटचे पापुद्रे मोठे मोठे निघाले, आत गवंड्यानं ठोकलेली तारेची जाळी, आणि जाळीमागं काळं. गाठ म्हणून काही उरलं नव्हतं, हात घातला की चिखलासारखं मुठीत यायचं, त्यातून वाफ. तार तेवढी होती, गंजलेली, कशालाच न आवळणारी. मुलानं कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"बाबा, मना वाटलं..." एवढंच तो बोलला.

त्यानं आईसाठी केलं होतं, मीही तिच्यासाठीच केलं होतं.

मागच्या बाजूला, उत्तरेला, जळाऊ लाकडं रचली होती. तिथं गवंड्याचा हात पोचला नव्हता. लाकडांमागची तेवढी भिंत मातीचीच राहिली होती, माझी बोटं उमटलेली. तिथल्या गाठी काढल्या. पिवळ्याधमक, कोपऱ्याला धार, तार सोडली तर आतून शेताचा वास आला. शेजाऱ्यानं म्हशीपुढं टाकल्या. म्हैस चवीनं खात होती. मला ते बघवेना.

परत बांधू, असं मुलगाच म्हणाला. सूनबाई तर लगेच यायला तयार होती. पण त्या वर्षी आमच्या शेताच्या वरच्या अंगाला गोदामासाठी भराव पडला होता, मुरमाच्या गाड्यांवर गाड्या. पाणी जायची वाट बुजली. भात उभ्यानं कुजलं. दुसरीकडं विचारलं तर कुणी जमीन विकलेली, कुणी मशीननं कापलेलं. मशीनचा पेंढा वीतभर तुकड्यांचा, त्याची गाठ होत नाही, नुसता भुगा दाबला जातो.

मुलगा म्हणाला, "तू फक्त सांग कुटनं आनायचा. मी टेम्पो घेऊन जातो."

ज्या गावांतून वखारीत बैलगाड्या यायच्या, त्यांची नावं मी मनात एकेक करून घेतली आणि एकेक सोडून दिली. आणि खरं सांगायचं तर पेटीत उतरलो असतो तर आता मला बाहेर येता आलं नसतं. गुडघे गेले. हे मी मुलाला बोललो नाही. त्याला वाटतंय की पेंढ्यापायीच राहिलं.

कौलं उतरवली, भिंती पाडल्या, मातीचे ढीग अवकाळी पावसात वाहून गेले. जोतं तेवढं राहिलंय. त्यावर आता फळी लावून चढवलेली मुलाची मोटारसायकल असते आणि नातीच्या लग्नातली उरलेली खुर्च्यांची थप्पी. पेटी आंब्याखाली आहे, तिच्यात कोंबडी अंडी घालते.

आता पुन्हा वैशाख आहे. हे मी बायकोच्या खाटेशी बसून लिहितोय, चार ओळी लिहायच्या आणि पंचा भिजवायचा. दुसरा झटका थंडीतच येऊन गेला. डावा हात अजून हलतो, पण पूर्वीसारखा नाही. वर स्लॅब आहे. पाठ पुन्हा सोलवटलीय, डॉक्टर मलम देतो. ती चादर मी धुऊन तिच्या उशाशी घडी करून ठेवलीय. तिची नजर कधी कधी चादरीवर जाते आणि मग मी दुसरीकडं बघतो.

आज दुपारी वीज गेली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. खिडकीतून जोतं दिसतं. ती बराच वेळ तिकडं बघत होती. मग ओठ हलले.

"तिकडं ने."

मी म्हटलं, नेतो. माती वाळू दे जरा. भिंत अजून ओली हाय.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. घाम तिच्या कानामागून उशीवर उतरत होता. शब्द यायला वेळ लागला.

"खोटं," ती म्हणाली.

मी पुठ्ठा हलवत राहिलो.